शिळा क्रमांक अकरा

दगड कधी खोटं बोलत नाही. तो खरंही बोलत नाही, कारण तो मुळात बोलतच नाही. आणि जो बोलत नाही त्याच्या वतीनं बोलायला कोणीतरी जबाबदार माणसं लागतात. आमच्या गावात ही जबाबदारी आकाश-शिळा संबंध मंडळानं स्वीकारलेली आहे. प्रस्तुत लेखक त्या मंडळाचा कार्यवाह आहे. (अक्षर बरं आहे म्हणून नेमणूक झाली. दुसरी पात्रता कोणी विचारली नाही, आणि मीही आपणहून सांगितली नाही.)

गावाच्या कडेला एक टेकडी आहे. टेकडी आपली म्हणायची. धाप लागायच्या आत माथा येतो. तिच्यावर दहा उभे दगड आहेत. ते कोणी उभे केले, कधी केले आणि कशासाठी, हे कोणाला ठाऊक नाही, आणि मंडळ स्थापन होईपर्यंत त्यावाचून कोणाचं अडलंही नव्हतं. दगडांचा उपयोग होत होता. दोन दगडांना दोरी बांधून बायका धुणं वाळत घालत. एकाला बकरी बांधलेली असे. सर्वांत उंच दगडाला पाठ घासायला गाढवं लांबून येत आणि त्याच दगडामागे, गाढवं नसतील तेव्हा, प्रेमात पडलेली माणसं बसत. आज यांतली एकही गोष्ट करायला परवानगी नाही. मंडळानं किती काम केलंय ते यावरून लक्षात येईल.

स्थापनेचं कारण उदात्त होतं. शेजारच्या गावात तीनच दगड आहेत, तेही धड उभे नाहीत. पण वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य त्यांतल्या दोघांच्या बरोबर मधून उगवतो असा शोध तिथल्या लोकांनी लावला, आणि पुढच्याच वर्षी तिथं बसगाड्या उभ्या करायला जागा पुरेना. त्यांचे तीन दगड कामाला लागलेले आणि आपले दहा नुसते खांबासारखे उभे, ही गोष्ट आमच्या गावाच्या जिव्हारी लागली. लगोलग मंडळ स्थापन झालं.

मंडळावर तज्ज्ञांचाच भरणा आहे. अध्यक्ष पूर्वी पाणीपुरवठा खात्यात मोठे अधिकारी होते, त्यामुळे हाती काही नसताना ठामपणे बोलण्याचा त्यांना दांडगा अनुभव आहे. दुसरे सभासद भूमितीचे मास्तर. त्यांनी हयातभर फळ्यावर रेषा ओढल्या. आता फळा नाही, म्हणून गावावर ओढतात. तिसरे चष्मेवाले. त्यांचं चौकात चष्म्यांचं दुकान आहे, भिंगांशी रोजचा संबंध, म्हणून खगोलशास्त्र त्यांच्याकडे सोपवलं. दगडांचं वय त्यांनीच ठरवलं. एका सकाळी ते टेकडीवर गेले, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "चार हजार वर्षं." (शेजारच्या गावचे दगड साडेतीन हजार वर्षांचे आहेत.)

मंडळाची कार्यपद्धती शास्त्रशुद्ध असून ती कोणापासून लपवलेली नाही. दहा दगडांतले कोणतेही दोन घेतले की एक रेषा होते. अशा रेषा पंचेचाळीस. प्रत्येक रेषेला दोन टोकं, म्हणजे नव्वद दिशा. आता आकाशात काय काय आहे ते पाहू. सूर्य: लहान दिवसाचा, मोठ्या दिवसाचा आणि मधल्या दोन दिवसांचा. चंद्र: याचं वागणं धड नसल्यानं तो आठ ठिकाणी धरला आहे. डोळ्यांना दिसणारे पाच ग्रह. शिवाय चष्मेवाल्यांना चष्मा लावून दिसणारे तेवीस तारे. हे सगळे उगवतात आणि सगळेच मावळतात. त्यातून प्राचीन माणसांकडे यंत्रं नव्हती. त्यांच्याकडून केसाएवढ्या अचूकतेची अपेक्षा करणं अन्यायाचं झालं असतं. म्हणून मंडळानं एका मुठीची सवलत ठेवली आहे. हात समोर लांब करायचा, मूठ धरायची. तारा मुठीआड गेला की रेषा जुळली. (मूठ अध्यक्षांची धरण्यात येते. ती मोठी आहे.)

नव्वदपैकी नव्वद दिशा जुळल्या. शेकडा शंभर. काही दिशा दोनदोन ताऱ्यांशी जुळल्या, त्या एकदाच मोजून मंडळानं संयम दाखवला. कशाकडेच पाहत नाही असा दगड औषधालाही सापडला नाही.

हा अहवाल वाचून बाहेरगावच्या विद्यापीठातल्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "हीच पद्धत तुम्ही दुसऱ्या कशाला लावून बघितलीत का? म्हणजे जे प्राचीन नाही अशा कशाला?"

प्रश्न रास्त होता. मंडळानं लगेच स्वतःच्या कार्यालयातल्या सात खुर्च्या मोजल्या. सगळ्या जुळल्या. एका मोडक्या खुर्चीचा तर थेट शनीशी संबंध निघाला.

"बघा बाई," अध्यक्ष म्हणाले, "चार हजार वर्षं झाली तरी रक्तातलं ज्ञान जात नाही. आमच्या शिपायानं नकळत मांडल्यात."

बाईंनी आभार मानले आणि मिळेल त्या गाडीनं त्या परत गेल्या. तेव्हापासून कार्यालय झाडताना खुर्च्या हलवायच्या नाहीत असा ठराव आहे. खुर्च्यांखाली धूळ बरीच साचली आहे.

एवढं घवघवीत यश मिळूनही मंडळाला एक सल होता. नव्वद दिशांत चंद्र होता, शनी होता, नावं उच्चारताना जीभ अडखळेल असे तारे होते. पण मोठ्या दिवसाचा सूर्योदय तेवढा नव्हता. आणि खरं सांगायचं तर बस करून येणारा माणूस शनीसाठी येत नाही. त्याला सूर्य लागतो, तोही पहाटेचा, आणि दोन दगडांच्या मधला. अध्यक्ष उदास राहू लागले. एका बैठकीत ते म्हणाले, "मास्तर, शेजारच्यांच्या तीन दगडांत बसतो तो सूर्य आपल्या दहांत कसा बसत नाही?" मास्तरांनी ते मनाला लावून घेतलं.

त्यांनी टेकडीवरची झुडपं साफ करायला घेतली आणि करवंदीच्या एका काटेरी जाळीत त्यांना अकरावी शिळा सापडली. आडवी, चपटी, गुळगुळीत आणि गुडघ्याएवढ्या उंचीची. बाकी दहा दगडांशी तिचं कसलंही साम्य नव्हतं. यावरूनच तिचं महत्त्व मास्तरांच्या ध्यानात आलं. अकराव्या शिळेवरून सर्वांत उंच दगडाच्या कडेनं रेषा ओढली, की ती मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाला जाऊन भिडत होती. (मुठीची सवलत धरून.) प्रत्यक्ष सूर्योदय कोणी पाहून ठेवलेला नव्हता, कारण मंडळ निरीक्षणापेक्षा गणिताला मान देतं. निरीक्षणासाठी पहाटे उठावं लागतं.

शिळेभोवती कुंपण घातलं, क्रमांकाची पाटी लावली, पेढीवरच्या गणेशासारखा तिला हार घालायचा तेवढा राहिला. आणि मग मास्तरांनी रेषा पुढं, गावाकडं वाढवली. टेकडीच्या पायथ्याशीच एक लांबट घर आहे. त्याच्या एका टोकाला पावाची भट्टी आणि दुसऱ्या टोकाला राहत्या खोल्या. भट्टीवर विटांचं उंच धुराडं. रेषा जाऊन नेमकी त्या धुराड्यावर आदळली.

ते घर माझ्या थोरल्या बहिणीचं आहे.

मंडळात नात्यागोत्याला थारा नाही, म्हणूनच सूचना घेऊन मला पाठवण्यात आलं. भावोजी गेल्यापासून ताई आणि माझी भाची, दोघीच भट्टी चालवतात. गावातल्या निम्म्या घरांत सकाळी त्यांचा पाव असतो. आमच्या घरी तर असतोच, आणि मी घरचा म्हणून त्याचे पैसे मागायचा विषय कधी निघालेला नाही. मी गेलो तेव्हा लाकडी ट्रेंवर ओली फडकी पसरलेली होती आणि त्यांच्याखाली पीठ फुगत होतं. भाची लांब दांड्याच्या फळीनं भट्टीतून पाव ओढत होती. ताई कोपरांपर्यंत पिठात.

"बस," ती म्हणाली. "पाट झटकून बस. नाहीतर मागून पांढरा होऊन हिंडशील गावभर."

"ताई, मंडळाची सूचना आहे."

"मग वाच की. माझे हात भरलेत."

मी वाचलं. "'आपणांस कळविण्यात येते की, आपल्या मालकीचे धुराडे हे सूर्याच्या वाटेत येत असून—'"

"कोणाच्या?"

"सूर्याच्या."

"रोज?"

"रोज नाही. वर्षातून एकदा."

"मग त्या दिवशी भट्टी पेटवत नाही. झालं?"

"धुराचं नाही गं. धुराड्याचं म्हणणं आहे."

ताईनं पिठाचा गोळा ओट्यावर आपटला. "अरे, धुराड्यामागून उगवला तर उगवू दे. दोन मिनिटांत वर येतोच ना तो? का तिथंच लटकून राहतो?"

"प्राचीन लोक दोन मिनिटं थांबत नव्हते, ताई."

"तुला कोणी सांगितलं?"

"अहवालात आहे."

"अहवाल कोणी लिहिला?"

"मी."

ताईनं गोळा पुन्हा मळायला घेतला. भाचीनं फळी भिंतीला टेकवली आणि विचारलं, "मामा, धुराडं पाडलं तर धूर कुठून जाणार?"

धूर हा विषय मंडळाच्या कक्षेत येत नाही.

"हे बघ," ताई हात पुसत म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "तुझ्या भावोजींनी हे धुराडं बांधलं आणि पाडलं, बांधलं आणि पाडलं, तेव्हा कुठं धूर वर खेचायची त्याची ओढ नीट लागली. ओढ बिघडली की भट्टी गेली. भट्टी गेली की आम्ही दोघींनी काय खायचं? तुझे दगड?"

मी म्हणालो की तिचं म्हणणं मी योग्य त्या ठिकाणी मांडीन. निघताना भाचीनं नेहमीसारखे दोन पाव कागदात बांधून दिले. ते गरम होते, त्यामुळे घरी जाईपर्यंत सूचनेच्या प्रतीला डाग पडले आणि मला ती पुन्हा लिहावी लागली.

मंडळ हुकूमशाही मानत नाही. सूचनेनंतर रीतसर सुनावणी झाली. कार्यालयात खुर्च्या हलवता येत नसल्यानं ताईला उभं राहावं लागलं. तिच्यासमोर तीन पर्याय मोकळ्या मनानं तपासण्यात आले. पहिला पर्याय, दगड सरकवणे: हा वारशाचा अपमान ठरला असता, शिवाय दगड जड आहेत. दुसरा पर्याय, सूर्य धुराड्याच्या वर येईपर्यंत थांबणे: यावर चष्मेवाले म्हणाले की तेवढ्या वेळात आलेला पाहुणा शेजारच्या गावाला जाईल. तिसरा पर्याय, धुराडे उतरवणे. तो उरला.

"मी धुराडं उतरवलं तर भट्टी बंद होते," ताई म्हणाली. "एवढंच सांगायला आलेय. मला शास्त्रातलं कळत नाही. पण भट्टी बंद होते."

"ताई," अध्यक्ष अत्यंत मायेनं म्हणाले (ते सर्व बायकांना ताई म्हणतात, ही खरी ताई आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, पण त्यांना ठाऊक होतं), "भट्ट्या येतील आणि जातील. तुमची भट्टी काल-परवाची. हा दगड चार हजार वर्षं तिथं बसून सूर्याची वाट बघतोय. त्याच्या आड तुम्ही येणार?"

ज्यानं चार हजार वर्षं वाट पाहिली त्याच्यापुढं दोन बायकांची पोटं किती टिकणार? मंडळानं तिच्या त्यागाची कदर म्हणून तिला 'सूर्यसखी' ही पदवी देण्याचं आणि सोहळ्याच्या दिवशी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवण्याचं ठरवलं. तिनं दोन्ही घेतलं नाही. इतिवृत्तात 'सविनय नकार' असं आहे. विनय मी घातला.

यानंतर जे घडलं ते मंडळाच्या चिकाटीचा सर्वोच्च नमुना म्हणून मी सांगतो. धुराडं उतरवण्याच्या आदल्या आठवड्यात अध्यक्ष टेकडीवर पाहणीला आले. उन्हं होती. ते जरा टेकायला जागा शोधत होते आणि म्हणाले, "इथं एक बाक होता. कुठं गेला?"

आम्ही म्हटलं, इथं बाक नाही.

"नाही कसा? मीच दिलाय. सासऱ्यांच्या स्मरणार्थ. टेकडीवर बाग करायची होती तेव्हा. बाग झाली नाही, पण बाक ठेवला होता. दगडी. पाठीचा भाग पहिल्याच वर्षी कोणीतरी पळवला, खालचा राहिला." बोलता बोलता त्यांची नजर कुंपणाकडं गेली. ते कुंपणाजवळ गेले, ओणवे झाले आणि शिळा क्रमांक अकराच्या खालच्या अंगाला बराच वेळ पाहत राहिले. तिथं अक्षरं होती. त्यांच्या सासऱ्यांचं नाव होतं, आणि पुढं 'यांच्या स्मरणार्थ'.

मास्तर खाली बसले. (कुंपणाबाहेर.)

तातडीची बैठक बोलावण्यात आली. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला, पण या खेपेला त्यातून वय काही निघालं नाही. शेवटी मास्तर कष्टानं म्हणाले, "रेषा चुकीची नाही. बाक असला तरी रेषा ही रेषाच असते."

अध्यक्षांचा चेहरा हळूहळू उजळला. "बरोबर," ते म्हणाले. "उलट विचार करा. माझ्या सासऱ्यांना खगोल कळत नव्हता. मलाही कळत नाही. गाडीवाल्यानं बाक जिथं उतरवला तिथंच तो राहिला. आणि तरीही तो सूर्याशी जुळला. याला तुम्ही योगायोग म्हणणार?"

आम्ही काहीच म्हणालो नाही.

"योगायोग म्हणणं हा माझ्या सासऱ्यांचा अपमान होईल," अध्यक्ष म्हणाले. तेव्हा ठराव झाला तो असा, की शिळा क्रमांक अकरा ही आकारानं अर्वाचीन परंतु जागेनं प्राचीन असून, अक्षरे पुसून तिचा दर्जा कायम ठेवण्यात येत आहे.

मग चष्मेवाल्यांनी, दुकानात गिऱ्हाइकाला उधारी सांगतात तशा अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि भट्टीचं काय करायचं?"

"सूचना निघालेली आहे," अध्यक्ष म्हणाले. "निघालेली सूचना मागं घेतली तर उद्या मंडळाच्या शब्दाला कोण विचारील?"

मत घेण्यात आलं. सगळ्यांनी हात वर केले. मी इतिवृत्त लिहीत होतो आणि माझे दोन्ही हात गुंतलेले होते, एकात लेखणी आणि एकानं कागद धरलेला. त्यामुळे मला ना बाजूनं मत देता आलं, ना विरोधात. कार्यवाहाच्या पदाला ही एक मर्यादा आहे आणि ती पाळणं सोपं नसतं, असं मी घरी आमच्या मंडळींना सांगितलं. बायको म्हणाली, "हो का?" आणि भाकरी थापत राहिली.

धुराडं एका दिवसात उतरलं. चढवायला जितका वेळ गेला असेल त्यापुढं हा वेग कौतुकास्पद आहे. भट्टी दुसऱ्या दिवशी भाचीनं पेटवून पाहिली; धूर खोलीत भरला, दोघी खोकत रस्त्यावर आल्या, आणि पीठ तसंच ट्रेंवर वाळलं. त्या दिवसापासून गावात पाव शेजारच्या गावाहून येतो. तो शिळा असतो. लोक कुरकुर करत खातात.

अखेर मोठा दिवस उजाडला. टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. बसगाड्या उभ्या करायला जागा पुरली नाही, ही गोष्ट अध्यक्षांनी ध्वनिक्षेपकावरून अभिमानानं दोनदा सांगितली. पूर्वेला गाव अंधुक दिसत होतं आणि ताईच्या घराच्या एका टोकाला, जिथं धुराडं होतं तिथं, आभाळाचा मोकळा चौकोन. सगळे कॅमेरे तिकडं रोखलेले.

तेवढ्यात त्या चौकोनात ताई आली.

तिनं काही निषेध वगैरे केला असं समजू नये. धुराडं नसल्यानं त्या टोकाचं छत आता रिकामं होतं आणि ती तिथं धुणं वाळत घालायला आली होती. बादली ठेवली, एक चादर झटकली आणि दोरीवर टाकायला हात वर केले. टेकडीवर गलका उठला. "ए बाई! बाजूला व्हा!" "सूर्य अडतोय!" कोणीतरी शीळ घातली.

अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक माझ्या हातात दिला. "तुमच्या भगिनी आहेत," ते म्हणाले. "तुम्हीच सांगा."

मी तो तोंडाजवळ धरला. माझा आवाज माझ्याच कानांना परका वाटला, इतका तो मोठा होता. "ताई," मी म्हणालो, "खाली बस."

तिनं टेकडीकडं पाहिलं. एवढ्या माणसांत मी तिला दिसलो असेन असं वाटत नाही, पण आवाज तिनं ओळखला. ती चादर हातात तशीच धरून खाली बसली. मी तिच्याहून नऊ वर्षांनी लहान आहे. तिनं माझं ऐकावं असा हा पहिलाच प्रसंग. मला लाज वाटली. हे वाक्य इतिवृत्तात नाही, इथं आहे.

सूर्य उगवला. मोकळ्या चौकोनात नव्हे. त्याच्या डावीकडं, एका मुठीच्या अंतरावर, घराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या राहत्या खोल्यांच्या छपरामागून. धुराडं जागच्या जागी असतं तरी त्याला कुठंही अडचण झाली नसती. लोकांना ते कळलं नाही. ते चौकोनाकडं पाहत होते, मागून उजेड पडला, त्यांनी टाळ्या वाजवल्या, रिकाम्या आभाळाची छायाचित्रं घेतली आणि समाधानानं खाली उतरले. उतरताना निम्म्यांनी विचारलं, "इथं ताजा पाव कुठं मिळेल हो?"

मंडळ मात्र आत्मसंतुष्ट नाही. त्याच दिवशी मास्तरांनी सुधारित रेषा आखली. चूक कबूल करण्याचा मोठेपणा अंगी असावा लागतो, आणि मास्तरांनी तो दाखवला: पूर्वीची रेषा एक मूठ उजवीकडं गेली होती. सुधारित रेषा ताईच्या राहत्या खोल्यांवरून जाते. त्या खोल्या उतरवल्या तर पुढच्या वर्षी सूर्य नक्की दिसेल, याबद्दल तिन्ही सभासदांचं एकमत आहे.

मागच्या वेळी हरकती फक्त सुनावणीतच ऐकल्या, गावाबाहेरच्यांना संधी दिली नाही, अशी टीका झाली होती. म्हणून या खेपेला मंडळानं ठरवलं, की प्रकरणाची संपूर्ण हकीकत सर्वांसमोर ठेवावी आणि वाचणाऱ्या कोणाही माणसाला हरकत घेऊ द्यावी. आपण आत्ता वाचत आहात तीच ती जाहीर सूचना. मुदत पहिल्या वाक्याला सुरू झाली आणि या परिच्छेदाशी संपते. बाकाची गोष्ट निघाली तिथं, किंवा धूर खोलीत भरला तिथं, किंवा अगदी ती चादर घेऊन खाली बसली तिथंही आपण कागद बाजूला ठेवून "अहो, हे काय चालवलंय?" एवढं म्हणाला असता, तरी ते नोंदवून घेणं मला भाग होतं. मी वाट पाहत होतो. माझ्यानं होत नाही ते आपल्यानं होईल असं मला खरंच वाटलं होतं. आपण पुढं वाचत राहिलात.

गप्प राहिलेल्या वाचकांची नोंद नियमाप्रमाणे 'संमती' अशी केली आहे. जे मध्येमध्ये हसले, त्यांची 'सहर्ष संमती' अशी. खोल्या उतरवण्याचं काम सोमवारी सुरू होईल.